बाजेचा आखूड पाय

आमचे मास्तर पालीला भ्यायचे आणि आम्हाला धैर्य शिकवायचे.

कुडावर पाल दिसली की हातातलं पुस्तक टाकून ते बाजेवर चढत, धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत वर धरत आणि मला हाक मारत. मी केरसुणी घेऊन पाल हाकलायची. ती जाईपर्यंत मास्तर वरूनच शिकवत राहायचे. एकदा मी विचारलं, "मास्तर, तू पालीला भितोस, मग आम्हाला धैर्य कसं शिकवतोस?"

ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मला भीती आहे म्हणून धैर्याला काम आहे. तुझ्या बापाला कशाचीच भीती नाही. त्याच्याकडे धैर्य येऊन करील काय?"

माझा बाप पाड्याचा पाटील. मी हे घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मास्तरला सांग, मला तुझ्या आईची भीती वाटते."

हे जव्हारच्या राजांच्या राज्यातलं आहे. जव्हारहून साखरशेतच्या बाजूला जाताना डोंगराच्या पोटात आमचा पाडा होता. दरबाराने शाळा दिली, मास्तर दिला, पण पोरं मिळेनात. गुरं सोडून शाळेत कोण बसणार? टाळकी कमी पडायला लागली तेव्हा बापाने मला बसवलं. मुलगी शिकावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. माझ्यामागून बुधी आली. ती माझ्यामागून सगळीकडेच यायची. तिच्या बापाचं शेत शाळेला लागून होतं, उतारावरचं, नागलीचं, म्हणजे तुमच्या नाचणीचं. शाळा म्हणजे गावदेवीजवळची एक कुडाची खोली. मास्तर राहायचे तिथेच, शिकवायचे तिथेच, आणि जेवायला आमच्या घरी यायचे. मी चार यत्ता शिकले त्या या खोलीत. पुढे शिकले नाही, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. असू देत.

आमच्या बोलीत सगळ्यांना ‘तू’. दसऱ्याला माणसं राजाच्या पाया पडायची तेव्हा राजालाही ‘तू’च म्हणायची, तिथे मास्तर कोण लागून गेला! सुरुवातीला त्यांनी आम्हाला ‘तुम्ही’ शिकवायचा यत्न केला. आम्ही एकट्या मास्तराला ‘तुम्ही’ म्हणायला लागलो की आम्हालाच हसू यायचं, वाटायचं शेजारी आणखी कोणी बसलंय. शेवटी त्यांनी सोडून दिलं. माणसांची बोलणी मी इथे थोडी शाळेच्या मराठीत लिहिते, नाहीतर तुम्हाला कळायची नाहीत.

मास्तर वसईच्या बाजूचे. तिकडे केळी, पानमळे, भात. पाद्र्यांच्या शाळेत काही वर्षं शिकले होते. धर्म त्यांनी आपलाच ठेवला, पण एका म्हाताऱ्या पाद्रीने त्यांच्या डोक्यात एक इंग्रजी शब्द घातला तो काही निघाला नाही. कार्डिनल व्हर्च्यू. आम्हा पोरांना तो मंत्रासारखा पाठ होता. गुरं वळतानासुद्धा आम्ही तो ओरडायचो.

पाद्री त्यांना म्हणाला होता, माणसात गुण पुष्कळ असतात, पण चार असे असतात की बाकीचे त्यांच्यावर टेकून उभे राहतात. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. त्या चारांना हा शब्द. मास्तरांना त्यासाठी मराठी शब्द हवा होता आणि तो मनासारखा मिळत नव्हता. ‘मुख्य गुण’ त्यांना पटत नसे. माझ्या बापासमोर म्हणाले, "मुख्य म्हटलं की लोकांना मोठा वाटतो. आता पाटील मुख्य आहेत, पण पाटील नसले म्हणून पाडा पडत नाही. मला असा शब्द हवा की तो काढला तर बाकीचं खाली येईल."

बाप म्हणाला, "मग माझ्या बायकोचं नाव लिही."

त्या शब्दाच्या मुळाशी म्हणे बिजागरी आहे. दार जिच्यावर फिरतं ती. दारावर नक्षी कितीही काढा, बिजागरी निसटली की दार आडवं, असं पाद्री सांगायचा. मास्तरांनी हे आम्हाला मोठ्या उमेदीने सांगितलं आणि आम्ही बघत राहिलो. आमच्या पाड्यावर एकाही घराला बिजागरी नव्हती. कारवीची ताटी असायची, ती उचलून बाजूला ठेवायची, पुन्हा उचलून लावायची. पाटलाच्या घरालासुद्धा ताटीच.

मास्तरांना हे फार लागलं. त्या दसऱ्याला ते सगळ्या शाळेला घेऊन जव्हारला चालत गेले. आम्हाला वाटलं राजाची मिरवणूक, हत्ती, वाजंत्री. मिरवणूक यायच्या वेळेला मास्तरांनी आम्हाला एका कचेरीच्या मोठ्या दारामागे नेलं आणि दार पुढेमागे करत बिजागरी दाखवायला लागले. "ही बघा! सगळं वजन हिच्यावर! आणि दिसते का कोणाला? दिसत नाही!" बाहेर वाजंत्री वाजली, माणसं ओरडली आणि सगळं पुढे निघून गेलं. आम्ही धावत बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर लीद होती. बुधी परतीच्या वाटेवर रडत होती. मी त्यानंतर पुष्कळ दसरे पाहिले, पण आठवतं ते दारामागचं तेल लावलेलं लोखंड.

बिजागरी काही पाड्यावर रुजली नाही, मग मास्तरांनी बाज धरली. ती आमच्याच घरची जुनी. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली चपटा दगड लावलेला. मास्तरांनी चार पायांना चार नावं दिली. उशाकडचे विवेक आणि न्याय, पायथ्याचे धैर्य आणि संयम. आखूड होता तो संयम. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं, कारण त्यांना स्वतःची खोड माहीत होती.

खोड म्हणजे गूळ. आई गूळ मडक्यात घालून माळ्यावर ठेवायची. मास्तर जेवायला जरा लवकर यायचे, आई पाण्याला गेलेली असायची, आणि मडक्यात खड्डा पडायचा. कोणी धरायच्या आधी स्वतःच सांगायचे. आई भाकरी थापत असली की दारात उभे राहून म्हणायचे, "वहिनी, तो चौथा पाय आज पुन्हा लचकला."

आई मान वर न करता म्हणायची, "मास्तर, त्या पायाखालचा दगड काढ आणि तुझ्या तोंडात घाल."

बाजारात, ओढ्यावर, खळ्यात कुठेही ते माणसाला थांबवून विचारायचे, "तुमच्यात चारांतला कोणता आहे?" लोक हसायचे, काही जण भ्यायचे, त्यांना वाटायचं सरकारने नवीन काही काढलंय. आई म्हणाली होती, मला वेळ नाही. एकदा वर्गात मास्तर म्हणाले, दया चांगली, भक्ती चांगली, पण त्या या चारांवर टेकतात. दया आहे आणि विवेक नाही, तर बाई पाहुण्याला घरचं बियाणं रांधून घालते. धैर्य आहे आणि न्याय नाही, तो दरोडेखोर.

बुधी वर्गात कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "मास्तर, खरं बोलणं कुठल्या पायात?"

मास्तर थांबले. बाजेकडे बघितलं. म्हणाले, "मी पाद्रीला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, न्यायात येतं ते. मला तेव्हा नीट पटलं नव्हतं. अजून पटत नाही." मग खडू ठेवून दिला. असे मास्तर मी पुन्हा पाहिले नाहीत, ज्यांना न येणारं उत्तर पोरांसमोर तसंच सोडून देता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमच्याकडे पीक तयार झालं तरी लगेच खायचं नसतं. आधी कणसरीला दाखवायचं. कणसरी म्हणजे धान्याची देवी. भगत दिवस ठरवतो. भगत म्हणजे गावाचं देवाधर्माचं आणि दुखण्याखुपण्याचं बघणारा. त्या दिवशी सगळ्या पाड्याने एकत्र नवं धान्य खायचं. त्याला ‘नवं’ म्हणतात. त्याआधी कोणी दाणा तोंडात टाकला तर देवी सगळ्या पाड्यावर रुसते. हल्लीची शिकलेली माणसं सांगतात की कच्चं पीक लोकांनी खाऊन संपवू नये म्हणून हा नेम. असेल. आम्ही देवीसाठी पाळायचो.

पाळायला सगळ्यात कठीण महिना भादवा. जुनं धान्य संपलेलं, नवं समोर उभं. पोटात काही नाही आणि डोळ्यांसमोर कणसं. त्या वर्षी बुधीच्या घरात भाताची पेजसुद्धा नव्हती. तिची आई आधीच्या वर्षी गेली होती. घरात बाप, ती आणि तिचा लहान भाऊ. तो तापाने पडलेला.

बुधीने आपल्याच बापाच्या शेतातली नागलीची हिरवी कणसं मोडली, शाळेमागे मास्तरांच्या अंघोळीच्या पाण्याची चूल होती तिच्यात भाजली आणि चोळून खाल्ली. थोडी भावाला नेली. वर्गात आली तेव्हा तिचे ओठ काळे होते. मास्तरांना आमचा नेम माहीत नव्हता. ते एवढंच म्हणाले, "बुधी, तोंड धुऊन ये." आणि फळ्याकडे वळले. मी बघितलं होतं. मी गप्प राहिले.

मग ताप पसरला. दर भादव्यात पसरतोच, पण त्या वर्षी जास्त. एक बैल मेला. माणसं भगताकडे गेली. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिलं आणि सांगितलं की कोणीतरी नव्याआधी खाल्लंय.

दुपारी गावदेवीपुढे सगळा पाडा बसला. बायका कडेला. शाळा तिथेच, म्हणून मास्तरही दारात येऊन उभे राहिले. एकाने जळकी कणसं आणून भगतापुढे टाकली.

"शाळेमागच्या चुलीत गावली."

कोणी नाव घेतलं नाही. पण शाळेला लागून तयार नागली एकाच शेतात होती. सगळ्यांच्या माना बुधीच्या बापाकडे वळल्या. तो जमिनीकडे बघत बसला होता. बुधीने माझं मनगट धरलं. 

मास्तर माझ्या कानाशी वाकले. "कशाचा खटला आहे हा?"

मी सांगितलं. नव्याआधी खाल्लं तर घर वाळीत टाकतात.

"वाळीत म्हणजे काय करतात?"

"काही करत नाय. कापणीला कोणी येत नाय."

आमच्याकडे कापणी एकट्या घराची नसते. आज तुझ्याकडे सगळे, उद्या माझ्याकडे सगळे. एक म्हातारा होत आलेला बाप आणि एक पोरगी, त्यांनी उतारावरची नागली आणि खालचं भात किती कापायचं? दाणा गळून मातीत जातो. मग वर्षभर काय खायचं? मास्तर एवढे काही शेतीतले नव्हते, पण हे त्यांना समजलं. त्यांनी बुधीकडे बघितलं. काळे ओठ त्यांना आठवले असावेत.

ते पुढे गेले. पाल दिसल्यावर त्यांचा आवाज जसा व्हायचा तसाच झाला.

"ती कणसं मी खाल्ली."

भगत म्हातारा होता. एक डोळा फुलाने पांढरा पडलेला. त्याने चांगला डोळा मास्तरांवर लावला.

"तू?"

"मी. भूक लागली होती."

"पाटलाच्या घरी जेवतोस, आणि भूक लागली?"

बायकांतून माझी आई म्हणाली, "त्याला लागते. मडकं दाखवू का?" लोक हसले. आईला काय सुचलं आणि का सुचलं, मी तिला कधी विचारलं नाही.

भगत हसला नाही. "कसली कणसं खाल्लीस?"

"त्या शेतातली."

"कसली ते विचारतो."

मास्तरांनी उताराकडे बघितलं. वसईचा माणूस. नागलीची भाकरी दोन्ही वेळा खात होता, पण ताटातली. उभं पीक त्यांनी कधी निरखून पाहिलं नव्हतं. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "वरीची."

त्या सगळ्या उतारावर वरीचं, तुमच्या उपासाच्या भगरीचं, एक झाड नव्हतं. अंगावर पिणाऱ्या पोरालासुद्धा हे कळलं असतं. कोणीतरी फिस्सकन हसलं. माझा बाप तोंड फिरवून डोंगराकडे बघायला लागला. बुधीचा बाप तेवढा हसला नाही. त्याने मान वर करून मास्तरांकडे बघितलं आणि बघतच राहिला.

भगताने सूप उचललं, दाणे पाखडले, दाण्यांकडे बघत बसला.  शेवटी म्हणाला,

"हा वर्षाचे बारा महिने नागली खातो आणि नागली ओळखत नाय. ज्याला नागली नि वरी कळत नाय, त्याला नव्याचा नेम काय कळणार? अडाण्याला कणसरी धरत नाय." मग सूप खाली ठेवलं. "पण नेम मोडला तो मोडला. नव्याच्या दिवसापर्यंत मास्तरने धान्याचा दाणा खायचा नाय. रानात असंल ते खायचं. आणि ऐक, मास्तर. आता अडाणी हायस म्हणून सोडला. एकदा कळायला लागलं की मग माफी नाय."

"बरं," मास्तर म्हणाले.

माणसं उठली. घरी गेली. एवढंच झालं.

बाप जेवताना म्हणाला, "मास्तर, तू खोटं बोललास."

मास्तरांच्या पुढ्यात उकडलेले कडूकंद होते. हे कंद कापून वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर घसा धरतो. आईने ठेवले होते, तरी थोडा कडूपणा राहतोच. त्यांनी एक फोड गिळली, डोळ्यांत पाणी आलं.

"पाटील, न्याय करायला गेलो होतो. खोटं वाटेत लागलं."

"मग न्याय मोडला की राहिला?"

"तेच बघतोय," मास्तर म्हणाले, आणि दुसरी फोड घेतली.

नव्यापर्यंत त्यांनी कंद खाल्ले, कुर्डूची भाजी खाल्ली, टाकळा खाल्ला आणि कुरकुर केली. फार कुरकुर केली. केळी आठवायचे, वसईची केळी किती तऱ्हांची ते आम्हाला सांगायचे, आणि उपाशी पोरं ती ऐकत बसायची. धोतर सैल झालं. पाल आली तरी बाजेवर चढायला वेळ लागायचा.

आईला बघवेना. ती भगताकडे जाऊन विचारून आली, गूळ चालेल का. भगत म्हणाला, गूळ काय धान्य हाय? आईने मडकं माळ्यावरून काढून मास्तरांच्या पानाशेजारी ठेवलं, झाकण काढून. "खा आता. चोरायलाही नको."

मास्तरांनी मडक्यात बघितलं. मडकं हाताने थोडं लांब सरकवलं.

"वहिनी, दंड गोड लावून खाल्ला तर तो दंड कसला?"

आईने मडकं उचललं नाही. दुसऱ्या दिवशीही तिथेच ठेवलं, तिसऱ्या दिवशीही. नव्याच्या दिवशी तिने आत बघितलं तर गुळाला मुंग्या लागल्या होत्या आणि खड्डा एकही नव्हता. तिने मडकं आपटलं. "मुंग्यांनी खाल्ला, पण या माणसाने खाल्ला नाय!" तिला राग आला होता. आईला माया आली की रागच यायचा, मलाही तेच लागलंय.

मधे एकदा ते भगताकडे गेले. मी बरोबर होते, आईने भगताला औषधासाठी काही पाला पाठवला होता. मास्तरांच्या मनात काय होतं ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. खरं सांगून टाकायचं होतं. भगत खळं सारवत होता. मास्तर म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"मास्तर," भगत मान वर न करता म्हणाला, "तू पोरांना गप्प बसायला शिकवतोस ना? मग बस."

मास्तर खळ्याच्या कडेला बसले. जरा वेळाने भगतच म्हणाला, "तुझे चार कसले ते सांग. पोरं ओरडत असतात."

मास्तरांनी सांगितलं. चार गुण, बाकीचे त्यांच्यावर टेकलेले. बाजेचे चार पाय.

भगताने खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबावर हात ठेवला. आम्ही त्याला मेढ म्हणतो. मळणीला बैल तिच्याभोवती फिरतात. "माणूस बाजेवर झोपतो, मास्तर. खातो खळ्यातलं. खळ्यात मेढ एकच. चार रोवल्या तर बैल फिरतील कसे? दाव्यात दावं अडकून पडतील."

"मग ती एक कोणती?" मास्तरांनी विचारलं. अगदी पोरासारखं विचारलं.

"मला काय विचारतोस? मला वाचता येत नाय," भगत म्हणाला आणि हसला. पांढऱ्या डोळ्यातूनसुद्धा हसला.

 त्यानंतर त्यांनी लोकांना चारांतला कोणता ते विचारणं कमी केलं. पोरांना शिकवायचे चारच. पण बोटं मोजताना चौथ्याशी थांबून हाताकडे बघत राहायचे.

नव्याच्या दिवशी देवीला दाखवून झाल्यावर भगताने बुधीला हाक मारली आणि मास्तरांना नव्या नागलीची भाकरी वाढायला सांगितली. तिने वाढली. मास्तरांनी खाल्ली. म्हणाले, जरा करपली आहे.

कापणीला बुधीच्या शेतात सगळा पाडा गेला. माझा बाप विळा घेऊन पहिला उभा होता. मास्तरही गेले आणि पहिल्याच मुठीला बोट कापून घेऊन बांधावर बसले. बुधीचा भाऊ बरा झाला. खालच्या पाड्यावरचं एक पोर त्याच तापात गेलं. त्याचा हिशेब कोणाकडे लावायचा ते मला आजही कळत नाही, म्हणून लावत नाही.

मास्तर त्यानंतर आमच्याकडे पुष्कळ वर्षं होते. मी मोठी झाले. एकदा पावसाळा सरताना त्यांच्याबरोबर उतारावरून येत होते. मागेपुढे कोणी नाही हे बघून ते थांबले, एक कणीस हातात धरलं आणि हळूच म्हणाले, "ही नागली. हिची बोटं आत वळलेली असतात, मुठीसारखी. वरीचा तुरा मोकळा, खाली लोंबतो. पान चोळलं तर वासही वेगळा." मग माझ्याकडे दरडावून बघितलं. "हे बाहेर बोलायचं नाही."

"का?"

"माझी माफी अडाणीपणावर उभी आहे. तो पाय काढला तर कोण खाली येईल, माहीत आहे ना?"

भगताच्या बोलण्याचा त्यांनी असा अर्थ घेतला होता. इतक्या वर्षांनी कोणी काही उकरणार नव्हतं. बुधीचं लग्नही झालं होतं. मी तसं म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. चारचौघांत ते नागलीला वरीच म्हणत राहिले. नव्या आलेल्या माणसाला लोक मुद्दाम दाखवायचे, "आमच्या मास्तरला विचार बघ, हे काय?" मास्तर म्हणायचे, "वरी." माणसं हसून लोळायची. एवढा शिकलेला माणूस! ज्याला शिकवण्याचा इतका नाद, चूक दिसली की जेवतानासुद्धा आईची भाषा सुधारायचा, तो रोज स्वतःचं हसं करून घ्यायचा आणि वर पुन्हा गूळ चोरायचा. गुळाची खोड गेली नाही. मला वाटायचं, आखूड पाय गुळाच्या बाबतीतच आखूड आहे.

मग त्यांची बदली मोखाड्याकडे झाली. निघाले त्या दिवशी पाडा वेशीपर्यंत गेला. बाज त्यांनी बापाला परत दिली, दगडासकट. आईने गुळाची ढेप फडक्यात बांधून दिली आणि म्हणाली, "घे, एकदाची संपव." भगत आता चालू शकत नव्हता, त्याला दोघांनी उचलून आणून दगडावर बसवला होता.

बुधी सासरहून आली होती, कडेवर पोर. दुसऱ्या हातात नागलीच्या कणसांची जुडी. गर्दीतून पुढे आली. बुधी कधी थट्टा करणारी नव्हती, त्यामुळे सगळे गप्प झाले.

तिने जुडी मास्तरांपुढे धरली. "मास्तर, एवढी वर्षं राहिलास. आता जाताना तरी सांग. हे काय?"

मास्तरांनी जुडी हातात घेतली. कणसं बोटांनी चाचपली. भगताकडे बघितलं, तिच्या बापाकडे बघितलं, मग तिच्या कडेवरच्या पोराकडे.

"वरी," ते म्हणाले.

माणसं हसली. भगत खोकला येईपर्यंत हसला. बुधी हसली नाही. तिने पोराला नीट कडेवर घेतलं, वाकली, मास्तरांच्या पायांना हात लावला.

"हो मास्तर," ती म्हणाली. "वरीच."